बायपोलरसोबत राहताना: साध्या दिवसांचं काम

बायपोलर हा मनाचा आजार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं येतात. एकात माणूस रात्रभर जागा राहून बोलत सुटलेला, पैसे वाटत सुटलेला असतो. दुसऱ्यात तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. दोन्ही खरी आहेत. पण या दोन टोकांच्या मध्ये साध्या दिवसांचे लांबच लांब पट्टे असतात. माणूस सकाळी उठतो, चहा घेतो, अ‍ॅक्टिव्हा काढून कामाला जातो, संध्याकाळी सूरसागर तलावाला एक चक्कर मारून घरी येतो. पुढचा एपिसोड, म्हणजे आजाराचा पुढचा झटका, टळणार की येणार, आला तर किती दिवस राहणार, हे बरंचसं या साध्या दिवसांत ठरतं. म्हणून इथे मुख्यत्वे त्याच दिवसांबद्दल लिहिते आहे.

मी बडोद्याला औषधांचं दुकान चालवते. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कॉलेजच्या वयापासून हा आजार आहे. काउंटरवर लोक जे विचारतात आणि घरात जे पाहिलंय, ते दोन्ही इथे आलंय. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती आणि कधीपर्यंत, हे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचं. त्यांच्याकडे गेल्यावर काय सांगायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

नुसता लहरीपणा आणि हा आजार

सकाळी खुशीत आणि दुपारी वैतागलेले आपण सगळेच असतो. या आजारात मन दिवसच्या दिवस एकाच बाजूला कललेलं राहतं आणि त्याच्याबरोबर झोप, अंगातली ताकद, विचारांचा वेग, बोलणं, भूक असं सगळंच बदलतं. चढलेल्या अवस्थेला मॅनिया किंवा उन्माद म्हणतात. ती निदान आठवडाभर टिकते, किंवा त्याआधीच दवाखान्यात दाखल करायची वेळ येते. त्याहून सौम्य, निदान चार दिवसांची अवस्था म्हणजे हायपोमॅनिया. उतरलेली अवस्था, म्हणजे नैराश्य, निदान दोन आठवड्यांची असते. ज्याला आयुष्यात एकदा तरी पूर्ण मॅनिया आला तो टाइप वन. ज्याला हायपोमॅनिया आणि मोठं नैराश्य आलं, पण पूर्ण मॅनिया कधी आला नाही, तो टाइप टू. टाइप टू म्हणजे हलका बायपोलर असं समजून निर्धास्त राहू नका. त्यातलं नैराश्य तेवढंच खोल असतं.

कधीकधी दोन्ही अवस्था एकमेकींत मिसळतात. मन काळवंडलेलं, पण अंगात स्वस्थ बसू न देणारी ताकद. आत्महत्येच्या दृष्टीने ही सगळ्यांत धोक्याची वेळ. विचार वाईट असतात आणि ते अमलात आणायची ताकदही असते.

आजार बहुधा कॉलेजच्या वयात किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षांत डोकं वर काढतो आणि पुष्कळदा पहिला एपिसोड नैराश्याचाच असतो. मग उपचारही नुसत्या नैराश्याचे सुरू होतात. इथे एक मोठी अडचण आहे. नैराश्यावरची गोळी मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय एकटीच दिली, तर बायपोलर असलेल्या माणसाला ती वर ढकलू शकते. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'उदास वाटतं' एवढंच सांगून थांबू नका. पूर्वी कधी असे दिवस होते का, की झोप निम्म्यावर येऊनही ताजंतवानं वाटायचं, डोक्यात एकामागून एक कल्पना यायच्या, बोलणं थांबायचं नाही, खर्च हाताबाहेर गेला होता? त्या माणसाच्या आठवणीत ते दिवस आजार म्हणून राहिलेलेच नसतात, 'तेव्हा मी एकदम फॉर्ममध्ये होतो' असे राहिलेले असतात. त्यामुळे सोबत आई, बायको, बहीण, कुणीतरी हवंच.

घराण्यात कुणाला असेल तर धोका वाढतो, हे खरं. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही. 'खानदानात आहे' असं कुजबुजत लग्नं मोडणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही लक्षात घ्यावा.

२०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने गुजरातसह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक उपचाराबाहेर असल्याचं त्यात दिसलं. दुसरा एक अभ्यास अमेरिकेतला. टाइप वनच्या रुग्णांच्या सुमारे १३ वर्षांच्या काळाची आठवड्या-आठवड्याने नोंद ठेवली गेली. जवळजवळ निम्म्या आठवड्यांत काही ना काही लक्षण होतं आणि त्यात नैराश्याचे आठवडे मॅनियाच्या तिपटीहून जास्त होते. आमच्या घराचा अनुभव अगदी असाच आहे. सोसायटीतले लोक अजूनही दादाच्या मॅनियाचे किस्से सांगतात. नैराश्यातले महिने कुणाला आठवतच नाहीत, कारण तेव्हा तो कुणाला दिसलाच नव्हता.

झोप

सगळं विसरलात तरी ही गोष्ट विसरू नका. झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच कमी होणं वेगळं. काळजीने किंवा नैराश्याने ज्याची झोप उडते तो दुसऱ्या दिवशी गळून गेलेला असतो. मॅनिया चढू लागलेला माणूस तीन-चार तास झोपून पहाटे उठतो, कपाट आवरतो, अंघोळ करून सहालाच तयार असतो आणि दिवसभर थकत नाही. घरचे खूश होतात, चला, आता बरा झाला! लागोपाठ दोन रात्री असं झालं की आमच्याकडे डॉक्टरांना फोन जातो. तेव्हा औषधात केलेला छोटा बदल पुढचे दोन महिने वाचवू शकतो. आठवडाभर वाट पाहिली तर त्या माणसाला आपण आजारी आहोत हेच पटेनासं होतं आणि मग गोष्ट हाताबाहेर जाते.

झोप ही नुसती खूण असती तरी तिच्यावर लक्ष ठेवणं पुरलं असतं. पण झोपमोड हे कारणही आहे. धडधाकट माणूस एक रात्र जागला तर दुसऱ्या दिवशी पेंगतो. बायपोलर असलेल्याला तीच जागलेली रात्र वर घेऊन जाऊ शकते. लग्नघर, रात्रीचा प्रवास, परीक्षा, दवाखान्यात कुणाजवळ रात्री बसणं, अमेरिकेतल्या मुलाशी मध्यरात्री व्हिडिओ कॉल, यातलं काहीही निमित्त होऊ शकतं. अमेरिकेला जायचं असेल तर तिकीट काढतानाच डॉक्टरांशी बोलून गोळीची आणि झोपेची वेळ कशी सरकवायची ते ठरवून घ्या.

आणि बडोद्यात राहून नवरात्राबद्दल बोललं नाही तर काय उपयोग! इथला गरबा जगात नावाजलेला. रात्री दहाच्या पुढे रंग चढतो, मैदानातून बाहेर पडल्यावर मित्रांबरोबर खाणं होतं, घरी येऊन पडेपर्यंत दोन वाजतात. असं नऊ रात्री. त्यावर मोठा आवाज, लखलखते दिवे, उपास आणि 'गरब्यात पेंग येते' म्हणून टाळलेली रात्रीची गोळी. चाळिशीतल्या बाईपासून कॉलेजच्या पोरापर्यंत, बायपोलर असलेल्या कुणाही माणसासाठी हे सगळं एकत्र येणं म्हणजे मॅनियाला धाडलेलं आमंत्रण. तरीही गरबा बंदच करा, असं मी कधीच म्हणणार नाही. या गावात ज्याचा गरबा तुटला तो माणसांतून तुटतो. आमच्याकडे नवरात्राच्या आधीच ठरतं: कुठल्या दोन किंवा तीन रात्री जायचं, त्या लागोपाठ येऊ द्यायच्या नाहीत, अकराला मैदानातून बाहेर, गोळी ठरल्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी उठायची वेळ नेहमीचीच. उरलेल्या दिवशी घरची आरती. हे ठरवताना दादा स्वतः बसतो, म्हणून ते पाळलं जातं. कोजागिरीचंही असंच, दूध दहाला पिऊन मोकळं व्हायचं.

अमेरिकेत पिट्सबर्गला एलन फ्रँक यांनी या आजारासाठी दिनक्रमावर आधारलेली एक उपचारपद्धती विकसित केली. तिच्यात पाच वेळांवर नजर ठेवतात: अंथरुणातून उठण्याची, दिवसातलं पहिलं माणूस भेटण्याची, काम सुरू होण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. या पाच वेळा रोज साधारण सारख्या राहिल्या की शरीराचं आतलं घड्याळ जागेवर राहतं. यांतली सकाळी उठण्याची वेळ सगळ्यांत कामाची. रात्री झोप लागणं आपल्या हातात नसतं, सकाळी उठून गॅलरीत उजेडात जाऊन बसणं पुष्कळसं असतं. मकरपुरा जीआयडीसीत किंवा नंदेसरीच्या कारखान्यात फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना हे जमणं कठीण. डॉक्टरांच्या लेखी शिफारशीवर कायम दिवसपाळी मागता येते. आजाराचं नाव न लिहिता 'रात्रपाळी टाळावी' एवढंच लिहून देणारेही डॉक्टर आहेत.

नोंद ठेवायला मोबाइलमध्ये अ‍ॅप आहेत. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. तारखेच्या चौकोनात एका कोपऱ्यात झोपेचे तास आणि दुसऱ्या कोपऱ्यात उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत मनाचा आकडा, शून्य म्हणजे नेहमीसारखा. गोळी घेतली की बारीक टिंब. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. दुधाच्या हिशेबाशेजारीच हे असतं, त्यामुळे वेगळा सोपस्कार वाटत नाही. डॉक्टरांकडे जाताना ती पानं फाडून न्यायची किंवा फोटो काढायचा. 'गेले दोन महिने कसे गेले?' या प्रश्नाचं त्याच्याइतकं खरं उत्तर कुणाच्याच आठवणीत नसतं.

लिथियम, मीठ आणि पाणी

१९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी मॅनियावर लिथियमचा उपयोग होतो हे दाखवलं. इतक्या वर्षांनंतरही एपिसोड टाळण्यासाठी ते पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून त्याचं मोल वेगळंच. औषध स्वस्त आहे. पण ते कमी पडलं तर उपयोग नाही आणि थोडं जास्त झालं तर विषारी, अशी त्याची जात. रोजच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या दरम्यान ठेवतात. १.५ च्या वर धोका सुरू होतो. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येतो. त्याबरोबर थायरॉईड आणि किडनीची तपासणीही साधारण दर सहा महिन्यांनी.

आता यातली गुंतागुंत. लिथियम शरीराबाहेर टाकायचं काम किडनी करते आणि ती लिथियमला बऱ्याच अंशी मिठातल्या सोडियमसारखंच वागवते. शरीरात मीठ किंवा पाणी कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातली पातळी चढते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असताना दिवसभर उन्हात फिरलं, जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला की हेच होतं. हरतालिकेचा निर्जळी उपास लिथियमवर असलेल्या बाईने करू नये, असं मी स्पष्ट सांगते. फळं खाऊन, पाणी पिऊन केलेला उपासही डॉक्टरांना विचारूनच. कुणीतरी ब्लडप्रेशरसाठी मीठ सोडायला सांगितलं म्हणून एका रात्रीत अळणी जेवण सुरू करू नका. मीठ रोज साधारण तेवढंच, पाणी आणि ताक भरपूर. चहा-कॉफीचंही तसंच. त्यांनी लिथियम जास्त बाहेर पडतं, म्हणून दिवसाला सहा कप पिणाऱ्याने चहा एकदम सोडला तरी पातळी वर जाऊ शकते.

दुकानात मला सगळ्यांत जास्त अडवावं लागतं ते दुखण्यावरच्या गोळ्यांसाठी. पावसाळ्यात चिकनगुनिया आला की सांधे धरतात. माणूस येतो, 'ताई, दुखण्याची गोळी द्या', आणि हातातल्या फाइलमध्ये लिथियम कार्बोनेट ३०० लिहिलेलं असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. पॅरासिटामॉल चालतं, पण पत्ता उलटून नीट वाचा, कारण पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यांपैकीच एखादी मिसळलेली असते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी काही औषधंही पातळी वाढवतात. म्हणून हृदयाच्या, हाडांच्या, दातांच्या, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य 'मी लिथियमवर आहे' हेच असू द्या. दम्यासाठी किंवा अ‍ॅलर्जीसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मॅनिया उठू शकतो. तेव्हाही मनोविकारतज्ज्ञांना एक फोन करायचाच.

हात किंचित थरथरणं, तहान आणि लघवी वाढणं हे लिथियमवर बऱ्याच जणांना होतं, ते पुढच्या भेटीत सांगा. पण हात जोरात कापायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, माणूस भांबावल्यासारखा वागू लागला, तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करा, रात्र असली तरी.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. व्हाल्प्रोएटने गर्भाला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या मुलींना ते शक्यतो देत नाहीत. कुणाला चालू असेल तर स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांशी बोला. लॅमोट्रिजीन अगदी हळूहळू वाढवतात. त्यावर असताना अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवायचं. ओलान्झपिन, क्वेटियापिनने वजन आणि साखर वाढते, म्हणून पोटाचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल मोजत राहायचं. फरसाणाच्या या गावात हे अवघड आहे, तरी.

गोळ्या बंद करण्याची ओढ नेमकी बरं वाटतं तेव्हा लागते. 'दोन वर्षं काही झालं नाही, आता कशाला?' काही झालं नाही याचं श्रेय बऱ्याचदा गोळीलाच असतं. लिथियम एकदम थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया उलटण्याचा धोका बराच वाढतो. थांबवायचंच ठरलं तर निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत जायचं. ठरवून बंद करण्यापेक्षाही जास्त वेळा गोळी तुटते ती निव्वळ गैरसोयीने. दिवाळीनंतर आपल्याकडे लाभपंचमीपर्यंत अर्धं गाव बंद. डॉक्टर बाहेरगावी, आणि खप थोडा म्हणून लहान दुकानात लिथियम सापडतंच असं नाही. धनत्रयोदशीच्या आत महिन्याचा साठा घरात आणून ठेवा. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, असं लिहिलेली गोळी फोडू-कुटू नका, आणि दुकानदाराने साध्या गोळीच्या जागी एसआर किंवा दुसऱ्या कंपनीची दिली तर डॉक्टरांना कळवा.

हसण्याचाही संशय

आता जे सांगते ते घरच्यांसाठी. बायपोलर असलेल्या माणसाचं सगळ्यांत मोठं दुःख मला विचाराल तर हे, की त्याला कधी नुसतं आनंदी होता येत नाही. एका रविवारी दादाने जेवताना काहीतरी जुनी गंमत सांगितली. सगळे हसलो, तोही जोरात हसला आणि आईच्या तोंडून निघून गेलं, 'अरे, गोळी घेतलीस ना?' त्याने भाताचा घास तसाच ताटात ठेवला. आईचीही चूक नव्हती, तिने जे पाहिलंय त्यानंतर मोठ्याने हसलेलं ऐकलं की तिचे कान टवकारतात. पण असं रोज झालं तर माणूस घरात हसणंच सोडतो. रागवायचीही त्याला चोरी होते, कारण न्याय्य कारणाने भांडला तरी 'तुझं पुन्हा सुरू झालं' हे ठरलेलं उत्तर.

यावर उपाय म्हणजे आपल्या भीतीऐवजी ठरलेल्या खुणांवर भरवसा ठेवणं. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात आणि बहुधा दर वेळी त्याच क्रमाने येतात. दादाच्या बाबतीत आधी झोप कमी होते, मग जुन्या मित्रांना फोन सुरू होतात, मग बोलताना मधेच गुजरातीतून इंग्रजीत जातो, मग एखादा धंदा काढायचं डोक्यात येतं. या चार गोष्टी त्याने स्वतः बरा असताना सांगून लिहून घेतल्या. यातल्या दोन दिसल्या तरच बोलायचं, बोलायचं ते एकानेच, आणि 'तुला चढलंय' असं न म्हणता 'दोन रात्री चार-चार तास झोप झालीये, डॉक्टरांना विचारूया का?' असं. बाकीच्या वेळी त्याचं हसणं हे हसणं आणि राग हा राग. घरात सतत टीका, टोमणे, रडारड असली तर आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे संशोधनातही दिसलं आहे. घरच्यांना आजार समजावून सांगून, एकमेकांशी बोलायची पद्धत शिकवून एपिसोड कमी होतात. डॉक्टरांकडे जाताना एकदा तरी सगळे मिळून जा.

मॅनिया पूर्ण चढला असताना वाद घालू नका, खोडून काढू नका. घरातला आवाज आणि उजेड कमी करा, पाहुण्यांना परत पाठवा, गाडीच्या चाव्या उचलून ठेवा.

पैसा

आमच्या गावात चहाच्या टपरीवरही शेअरची चर्चा होते, त्यामुळे इथल्या मॅनियाला एक खास वाट सापडलेली आहे: ऑप्शन ट्रेडिंग. पूर्वी साड्या वाटून, उसने पैसे देऊन जे नुकसान व्हायला चार दिवस लागत, ते आता मोबाइलवर एका सकाळीत होतं. कुंपण घालायचं ते बरं असतानाच आणि त्याच माणसाच्या हाताने. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्यायची. खर्चाचं खातं वेगळं, त्यात महिन्यापुरतेच पैसे. डीमॅट खात्यात फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग बंद करून घेता येतो. क्रेडिट कार्ड नको, असलंच तर लहान मर्यादेचं. मोठ्या खर्चाला दोन दिवस थांबायचं आणि दोन माणसांना विचारायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांनीच पाळला तर आजारी माणसाला तो शिक्षा वाटत नाही. सगळा व्यवहार काढून घेऊन त्याला खिशात दहा रुपये ठेवणारा माणूस बनवू नका. पैशावरचा हक्क गेला की औषधावरची श्रद्धाही जाते.

खालचे दिवस

नैराश्यात 'मन घट्ट कर', 'बाहेर जाऊन ये' असं सांगून काही होत नाही. कामं लहान करा. अंघोळ जमत नसेल तर तोंड धुवून गॅलरीत दहा मिनिटं. जेवण जमत नसेल तर मुगाची खिचडी, पण ठरल्या वेळी. दिवसा अंथरुणात नको, निदान खुर्चीत बसून राहावं. शेजारी कुणीतरी आपलं काम करत बसलेलं असावं, बोललंच पाहिजे असं नाही.

'जगायचं नाही' असं तो म्हणाला तर थेट विचारा: मरायचा विचार येतो का, कसं करायचं ते ठरवलंयस का? विचारल्याने कुणाच्या डोक्यात ती कल्पना घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका. घरातल्या सगळ्या औषधांचा साठा दुसऱ्याकडे द्या. डॉक्टरांशी बोलून आठवड्या-आठवड्यापुरतीच औषधं घ्या, कारण लिथियमची जास्त मात्रा जीवघेणी असते. टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही. काही करून घेतलं असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला सहसा शिक्षा होत नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे हा बाईसाठी आजार उलटण्याचा सगळ्यांत मोठा धोका असतो. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधीच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटायचं. बाळंतिणीच्या रात्रीच्या झोपेची सोय करणं ही नवऱ्याची आणि आजीची जबाबदारी. रात्री बाळाला कोण घेणार, हे बारशाच्या यादीच्या आधी ठरवा.

एक कागद

बरं असताना एक पान लिहायचं. माझ्या खुणा या. दोन दिसल्या की अमक्याने डॉक्टरांना फोन करायचा. सध्याची औषधं आणि डोस हे. या औषधाचा मला त्रास झाला होता. दाखल करायची वेळ आली तर कुठे, तोवर मुलांना शाळेत कोण सोडेल, ऑफिसात काय सांगायचं. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, गुजरातमधल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. तिकडे ओपीडीलाही जाता येतं, दाखल व्हावं लागतंच असं नाही. सयाजी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. ज्यांना खाजगी दवाखाना झेपत नाही त्यांनी या दोन ठिकाणी विनासंकोच जावं.

या कागदाला कायद्याचंही पाठबळ देता येतं. २०१७ चा हाच कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात 'आगाऊ निर्देश' आहेत: आपली निर्णयक्षमता गेली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येतं, आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं तो नामनिर्देशित प्रतिनिधीही निवडता येतो. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसालाच नेमलं पाहिजे असं नाही. ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो. त्याच कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे, म्हणून पॉलिसी घेताना आजार लपवू नका, नाहीतर दावा नाकारायला तेच कारण पुरतं. आजारामुळे काम करणं दीर्घकाळ अवघड झालं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रही मिळू शकतं.

दादाच्या त्या पानावर त्याची सही आहे, माझी आहे आणि वहिनीची आहे. मूळ प्रत औषधांच्या डब्यात, फोटो आम्हा तिघांच्या मोबाइलमध्ये आणि एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावलेली. औषध बदललं की नवं पान लिहायचं आणि जुनं त्याच दिवशी फाडून टाकायचं, नाहीतर घाईच्या वेळी चुकीचा डोस वाचला जातो.